पहिली सात मिनिटे: नागपूरच्या शाळांसाठी एक खुले पत्र

प्रति,
शिक्षणाधिकारी (प्राथमिक आणि माध्यमिक), जिल्हा परिषद, नागपूर
शिक्षणाधिकारी, नागपूर महानगरपालिका
जिल्ह्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक

विषय: नव्या सत्रात शाळाभेट, घटक चाचणी, गृहपाठ आणि तासिकेची सुरुवात यांत करता येण्याजोगे बदल

महोदय, महोदया,

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात. त्याआधीचे हे दिवस वार्षिक नियोजनाचे, वेळापत्रकाचे आणि पहिल्या शिक्षण परिषदेचा, म्हणजे जवळच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीचा, विषय ठरवण्याचे. एकदा शाळा भरली की जे ठरले तेच वर्षभर चालते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत. मागणी मोठी नाही. प्रत्येक तासिकेची पहिली सात मिनिटे जुन्या अभ्यासाच्या आठवणीसाठी राखावीत. आणि शाळाभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशीचा पाठ मुलांना आला का हे न पाहता तीन आठवड्यांपूर्वीचा आला का हे पाहावे. खाली जे लिहिले आहे ते बहुतेक या दोन गोष्टींच्या पोटातलेच आहे.

आज वर्गनिरीक्षणात काय पाहिले जाते? टाचण (पाठाचे आधी लिहिलेले नियोजन) लिहिले आहे का, फलकलेखन नीट आहे का, साहित्य वापरले का, वर्ग शांत आहे का, प्रश्न विचारल्यावर मुले एका सुरात उत्तर देतात का, वह्या तपासलेल्या आहेत का. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण मूल शिकले की नाही, हे यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेले तासाच्या शेवटी सांगता येते, कारण ते अजून कानात असते. पोळ्याच्या सुट्टीनंतर, दिवाळीनंतर, पुढच्या एखाद्या धड्यात गरज पडली तेव्हा ते हाताशी आले, तर ते शिकले. या दोहोंत किती अंतर असते ते मोजलेले आहे.

अमेरिकेत २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्ही बैठकांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. पण आपल्या लक्षात किती राहील असे आधी विचारले होते, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. आपल्याकडची उजळणी नेमकी हीच आहे: धडा पुन्हा वाचून घेणे, प्रश्नोत्तरे पुन्हा उतरवून घेणे. वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळखीचे आहे म्हणजे येते, असा भास मुलाला, पालकाला आणि शिक्षकालाही होतो. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते, कोऱ्या कागदावर आतून काढायचे असते. ज्याचा सराव कधी केलाच नाही ते काम मार्चमध्ये एकदम करायला सांगितले जाते.

घोकंपट्टीला आमचा पाठिंबा आहे, असा याचा अर्थ काढू नये. घोकताना वाक्य नुकतेच वाचलेले असते आणि तेच लगेच पुन्हा म्हटले जाते. इथे मध्ये वेळ गेलेला असतो, पुस्तक मिटलेले असते आणि प्रश्न ‘का’ आणि ‘कसे’ असाही असतो.

आता सात मिनिटांचे सविस्तर. शिक्षक वर्गात येण्याआधी किंवा येताच फळ्यावर चार प्रश्न लिहिलेले असावेत: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्याभरापूर्वीचा आणि एक असा, की ज्याचे उत्तर आल्याशिवाय आजचा पाठ समजणार नाही. पुस्तके, वह्या बंद. प्रत्येक मूल वहीच्या मागच्या पानावर किंवा पाटीवर स्वतः लिहिते. चार मिनिटे लिहायला, दोन मिनिटे उत्तरांना, एक मिनिट कोणता प्रश्न किती जणांना आला त्याचे हात मोजायला. उत्तरे शिक्षकाने फळ्यावर लिहायची, मुलांनी दुसऱ्या रंगाच्या पेनाने स्वतःचे तपासून चुकलेले दुरुस्त करायचे. गुण नाहीत, नोंद नाही, रजिस्टर नाही.

सातवीचा विज्ञानाचा तास आणि आज उष्णतेचे वहन शिकवायचे आहे, असे धरू. कालचा प्रश्न: तापमान आणि उष्णता यांत फरक काय? मागच्या आठवड्याचा: पाणी गोठताना त्याचे आकारमान वाढते की कमी होते, आणि बर्फ पाण्यावर का तरंगतो? महिन्यापूर्वीचा: कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशापासून विजेपर्यंत ऊर्जेची रूपे कोणत्या क्रमाने बदलतात? (रासायनिक, उष्णता, गतिज, विद्युत.) आजच्या पाठाचा: स्थायूतले कण द्रवातल्या कणांपेक्षा जवळ असतात की दूर? या चौथ्या प्रश्नाला अर्धा वर्ग अडखळला तर वहनाचा पाठ सुरू करण्यात अर्थ नाही हे शिक्षकाला सातव्या मिनिटालाच कळते. एरवी ते सहामाहीत कळते.

हे बिघडते कुठे, तेही सांगायला हवे, कारण कागदावर सोपे दिसणारे हे काम वर्गात ठरावीक ठिकाणी घसरते. पहिली घसरण म्हणजे तोंडी विचारणे. हात वर करणारी चार मुले तीच असतात. आठवायचे श्रम त्या चौघांनी केले, उरलेली चाळीस फक्त ऐकून घेतात. म्हणून लिहूनच घ्यावे. दुसरी, गुण देणे. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणे आले, आणि आठवणीचे काम तिथेच संपले. तिसरी, उत्तर न सांगता पुढे जाणे. चुकीचे आठवले आणि कोणी दुरुस्त केले नाही तर तेच चुकीचे पक्के होते. चौथी, प्रश्न फार कठीण असणे. ज्याला काहीच आठवत नाही त्याला आठवण्याचा सराव होत नाही, नुसती लाज वाटते. निम्म्याहून अधिक मुलांना निदान दोन प्रश्न यावेत, इतपत जुळवून घ्यावे. पाचवी घसरण चांगल्या शिक्षकांची आहे: एक प्रश्न चुकला की तो भाग तिथेच पुन्हा शिकवायला सुरुवात होते आणि सातची वीस मिनिटे होतात. एक तृतीयांशाहून अधिक मुलांचे चुकले तर तो प्रश्न वहीत टिपून ठेवावा आणि उद्याच्या तासात त्याला दहा मिनिटे द्यावीत. आज नाही.

इथे भाषेबद्दलही थोडे. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या अनेक मुलांच्या घरची भाषा पुस्तकातली मराठी नाही. कुणाची हिंदी, कुणाची गोंडी, कुणाची छत्तीसगढी, कुणाची आपली नागपुरी. आठवून लिहिताना ‘मुळं पाणी ओढून राहिली’ असे लिहिले तर विज्ञानाचे उत्तर बरोबर आहे. प्रमाण रूप उत्तर सांगताना फळ्यावर येईलच. आशय आणि शुद्धलेखन दोन्ही एकाच वेळी तपासले की मूल दोन्ही सोडून देते.

‘पोर्शन कसा संपेल?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल, आणि तो रास्त आहे. हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस ठरवले आहेत. रोज एक तासिका असलेल्या विषयाला सात मिनिटांप्रमाणे १५४० मिनिटे लागतील, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या ४४ तासिका. ही किंमत खरी आहे, लपवण्याजोगी नाही. पण आज त्याच विषयाच्या किती तासिका फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात जातात आणि किती फेब्रुवारी-मार्चच्या उजळणीत, हे कोणत्याही शाळेने आपल्या टाचणवहीतून मोजून पाहावे. उतरवून घेणे बंद केले आणि शेवटची सलग उजळणी वर्षभर वाटून दिली की बराचसा वेळ तिथूनच निघतो.

वर्षभर वाटून देणे, यालाही आधार आहे. सलग तीन तास केलेला सराव आणि तोच तीन वेगवेगळ्या आठवड्यांत विभागलेला सराव यांत दुसरा जास्त टिकतो. हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून नोंदवले आणि त्यानंतर शेकडो प्रयोगांनी दाखवले. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अंतराचे मापही काढले. जितका काळ लक्षात ठेवायचे, त्या मानाने मधले अंतर वाढवावे: आठवड्याभरासाठी एक-दोन दिवसांचे अंतर पुरते, वर्षभर टिकवायचे तर ते तीन-चार आठवड्यांचे हवे. शिक्षकासाठी याचे रूप साधे आहे. टाचणवहीच्या समासात प्रत्येक पाठापुढे चार तारखा लिहायच्या: दुसऱ्या दिवसाची, एका आठवड्यानंतरची, तीन आठवड्यांनंतरची, दोन महिन्यांनंतरची. ती तारीख आली की त्या पाठाचा एक प्रश्न फळ्यावर. विदर्भात मोठ्या खंडांचे दिवस आधीच ठाऊक असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नवीन पाठ सुरू न करता सात मिनिटांची पंधरा करावीत. त्या काळात विसरलेले परत आणणे तेव्हा सर्वात स्वस्त पडते. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि तासिका आखूड झाली की चारऐवजी दोन प्रश्न ठेवावेत, पण सोडून देऊ नयेत. उन्हाच्या दिवसांत हीच गोष्ट सर्वात आधी कापली जाते.

घटक चाचणीही याच धाग्यात यावी. वीस गुणांची चाचणी असेल तर बारा गुण चालू घटकाला आणि आठ गुण आधीच्या सर्व घटकांना द्यावेत, आणि हे जूनमध्येच मुलांना सांगावे. आज घटक संपतो, चाचणी होते आणि त्या घटकाचे पान थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उलटले जाते. आठ गुण जुन्याचे आहेत हे माहीत असले की ते पान मध्येही उलटले जाईल.

गणिताच्या शिक्षकांसाठी यापुढचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो. स्वाध्यायात एकाच जातीची दहा उदाहरणे एका पाठोपाठ येतात. धड्याचे नाव ‘सरळव्याज’, म्हणजे दहाही उदाहरणांत मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून शंभराने भागायचे. विचार करायचा प्रश्नच नाही. रीत वापरता येते, पण कोणती वापरायची हे ओळखण्याचा सराव शून्य. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार प्रकारच्या घनाकृतींचे घनफळ काढायचा सराव केला. एका गटाला एक प्रकार संपवून दुसरा, असे दिले. दुसऱ्याला सगळे मिसळून. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उदाहरणे बरोबर आली, मिसळलेल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिल्या गटाची २० टक्के, मिसळलेल्यांची ६३.

म्हणून नवी रीत शिकवल्या दिवशी तिचीच चार उदाहरणे सोडवून घ्यावीत, पण घरच्या अभ्यासाची आठ उदाहरणे मिश्र असावीत: तीन नवी, पाच जुन्या धड्यांतली, क्रम कसाही. उदाहरणार्थ, शेजारी शेजारी अशी तीन. १) काटोलहून कळमना बाजारात २० किलोचे ४० क्रेट संत्री आली, त्यातली ५ टक्के खराब निघाली, विकण्याजोगी किती किलो उरली? (७६०.) २) मे महिन्यातल्या पाच दिवसांचे सरासरी कमाल तापमान ४४ अंश, चार दिवसांचे ४२, ४४, ४५ आणि ४३, पाचव्या दिवसाचे किती? (४६.) ३) ८ टक्के दराने १२,००० रुपयांचे अडीच वर्षांचे सरळव्याज किती? (२,४००.) दुसऱ्या उदाहरणात बरीच मुले समोर दिसणाऱ्या सगळ्या संख्यांची सरासरी काढतात, कारण ‘सरासरी’ हा शब्द दिसला. ही चूक गृहपाठात दिसली पाहिजे, बोर्डाच्या पेपरात नको.

यात एक अडचण हमखास येते. मिश्र गृहपाठ सुरू केला की पहिले तीन आठवडे वहीतल्या चुका वाढतात आणि ‘आमच्या मुलाला आधी सगळं येत होतं’ अशी तक्रार घेऊन पालक येतात. पालकसभेत हे आधीच सांगून ठेवावे, आणि मुख्याध्यापकांनी त्या तीन आठवड्यांत शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे. हे दुसरे पहिल्यापेक्षा कठीण आहे.

आता नवा पाठ शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. आठवण आणि मिश्र सराव हे जे शिकवले आहे त्यासाठी. मुळात डोक्यात शिरताना वाट अरुंद असते. एका वेळी मनात धरून वापरता येतील अशा नव्या गोष्टी साधारण चार, असा नेल्सन कोवन यांचा २००१ मधला निष्कर्ष आहे. आपल्या भाषेतले एक उदाहरण पुरे. ‘पस्तीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी लिहायचा असतो. म्हणून दुसरीतले मूल ५३ लिहिते. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येते आणि लिहायचे ३९ असते, म्हणून मूल ४९ लिहिते. बरे, ‘एकोण’ची रीत पकडावी तर ८९ एकोणनव्वद असतो, पण ९९ नव्व्याण्णव निघतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘तीस पाच’ अशी जोडवाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा ही बाजू मांडली होती. आमच्या मते ते पाऊल योग्य होते. ‘पस्तीस’ हा शब्द जायला नकोच आहे. पण हातच्याची बेरीज शिकताना मुलाच्या मनातल्या चार जागांपैकी दोन संख्येचे नाव उलगडण्यातच अडकल्या, तर हातचा ठेवायचा कुठे? दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून आधी ‘तीस आणि पाच’ आणि मग ‘पस्तीस’, हा क्रम दोन आठवडे तरी सोडू नये.

मोठ्या वर्गात याच तत्त्वाने सोडवून दाखवलेली उदाहरणे वापरावीत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवले की नवशिक्या मुलांनी सुरुवातीला सगळी उदाहरणे स्वतः सोडवण्यापेक्षा काही सोडवलेली उदाहरणे अभ्यासली तर शिकणे लवकर होते. त्यात टप्प्याटप्प्याने आधार काढून घेता येतो. अपूर्णांकांची बेरीज घ्या. पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले: २/३ + १/४ = ८/१२ + ३/१२ = ११/१२. दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी: १/२ + २/५ = ५/१० + ४/१० = ? तिसऱ्यात फक्त छेद दिलेला: ३/४ + १/६ = ?/१२ + ?/१२ = ? चौथे पूर्ण मुलाचे: १/३ + २/७. प्रत्येक पायरीपुढे ‘असे का केले’ हे एका वाक्यात लिहून घ्यावे; नाहीतर मूल नुसत्या पायऱ्या उतरवते आणि १/२ + १/३ = २/५ हीच समजूत आत तशीच राहते. ज्यांना रीत आली त्यांना मात्र सोडवलेली उदाहरणे देत राहू नये. त्यांचा वेळ जातो आणि लक्ष उडते.

आणि एक अगदी साधी गोष्ट: शिक्षक समजावून सांगत असताना मुलांना फळ्यावरचे उतरवू देऊ नये. उतरवणारे मूल ऐकत नाही. आधी खडू खाली, सगळ्यांचे लक्ष. मग तीन मिनिटे शांतपणे उतरवणे. शिक्षकाने त्या तीन मिनिटांत बोलू नये, हेच सर्वात अवघड जाते.

‘समजलं का?’ या प्रश्नाला नागपूरच काय, कुठल्याही गावात ‘हो मॅडम’ हेच उत्तर येते. तो प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी पाठाच्या मध्यावर एक बहुपर्यायी प्रश्न द्यावा आणि सगळ्यांनी एकाच वेळी पाटीवर अ, ब, क, ड लिहून पाटी वर धरावी. प्रश्न घडवण्यात मात्र कौशल्य आहे. दशांश अपूर्णांकांत ‘०.४५ मोठे की ०.६?’ असे विचारले तर ‘जितके अंक कमी तितकी संख्या मोठी’ असा चुकीचा समज असलेले मूलही ०.६ हे बरोबर उत्तर देते आणि शिक्षक फसतो. त्याऐवजी असे: सर्वात मोठी संख्या कोणती? अ) ०.६५ ब) ०.६ क) ०.१२५ ड) ०.०९. ‘क’ लिहिणारे मूल दशांशचिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचते आहे. ‘ब’ लिहिणारे कमी अंक म्हणजे मोठी संख्या समजते आहे. ‘ड’ लिहिणारे फक्त नऊकडे पाहते आहे. चूक कोणती हे पाटीवरच्या अक्षरावरून कळते. ऐंशी टक्के पाट्या बरोबर असतील तर पुढे जावे. पन्नास ते ऐंशी असतील तर दोन मिनिटे शेजाऱ्याला ‘तू हे का निवडलंस’ विचारू द्यावे आणि पुन्हा पाट्या. त्याखाली असतील तर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा शिकवावे, त्याच शब्दांत मोठ्या आवाजात नव्हे.

तोंडी प्रश्न विचारायचाच असेल तर आधी प्रश्न, मग थांबणे, मग नाव. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून पाहिले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. वर्गात तीन सेकंद फार लांब वाटतात. मनात ‘एक संत्रे, दोन संत्री, तीन संत्री’ म्हणावे.

वह्या तपासणे हा आपल्याकडचा मोठा खर्च आहे. पन्नास वह्या, प्रत्येकी दोन मिनिटे, म्हणजे शंभर मिनिटे. आणि हाती काय, तर लाल खूण आणि सही. रुथ बटलर यांनी इस्रायलमध्ये १९८८ साली पाहिले की ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे काम सुधारले, फक्त गुण मिळालेल्यांचे नाही, आणि गुण अधिक शेरा मिळालेल्यांचेही नाही. गुण दिसले की शेरा वाचला जात नाही. म्हणून रोजच्या वहीवर गुण नकोत. आठवड्यातून एकदा तासाच्या शेवटी मुलांनी पावपानावर एका प्रश्नाचे उत्तर लिहून द्यावे. शिक्षकाने त्या पन्नास कागदांचे बरोबर, अर्धवट आणि चुकलेले असे तीन गठ्ठे करावेत. पंधरा मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशीचा तास त्या गठ्ठ्यांवरून ठरवावा. सर्व वह्यांवर सही असलीच पाहिजे ही अट शाळाभेटीच्या तक्त्यातून आपण काढली, तरच शिक्षकाला हा वेळ मिळेल.

वाचनात मागे राहिलेल्या मुलांचे काम वेगळे आहे. सात मिनिटांनी ते होणार नाही. पाचवीत असून परिच्छेद वाचता न येणारे मूल पाचवीचा कोणताच विषय शिकू शकत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेने विकसित केलेली पद्धत आपल्या अधिकाऱ्यांना परिचित आहे: मुलाला एकेकटे बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतली पातळी तपासायची आणि इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिचे मोजमाप अनेक राज्यांत केले आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये नियमित शिक्षकांना फक्त साहित्य आणि प्रशिक्षण दिले तेव्हा मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांनीच रोजचा एक तास फक्त या गटांसाठी राखला आणि पर्यवेक्षकांनी त्या तासाला वर्गात येऊन मदत केली, तेव्हा भाषेत प्रगती दिसली. म्हणजे प्रशिक्षण घेतले, पुस्तिका वाटल्या, फोटो पाठवले, एवढ्याने होत नाही. वेळापत्रकात राखीव तास हवा, आणि त्या तासाला बैठक, माहिती भरणे किंवा मतदारयादीचे काम नको.

‘दृश्य, श्राव्य, कृतिशील’ अशी मुलांची वर्गवारी करणारी सर्वेक्षणे मात्र थांबवावीत. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. मुलाच्या ‘शैली’नुसार शिकवल्याने ते जास्त शिकते याला पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो, कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते.

राहिला शाळाभेटीचा प्रश्न. आमची सूचना अशी. वर्गात गेल्यावर टाचणवही मागावी, तीन आठवडे मागचे पान उघडावे, त्या दिवशीच्या पाठावर दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि हजेरीपटावरच्या प्रत्येक पाचव्या मुलाकडून कागदावर उत्तर घ्यावे. दहा मिनिटांचे काम. मग शिक्षकाबरोबर बसून ते आठ-दहा कागद वाचावेत आणि तो भाग पुन्हा कधी आणायचा ते ठरवावे. कागद शाळेतच ठेवावेत. हा आकडा तालुक्याच्या तक्त्यात भरला, शाळांची क्रमवारी लागली, की महिन्याभरात प्रत्येक शाळा ‘तीन आठवड्यांपूर्वीच्या पाठाची’ खास तयारी करून घेऊ लागेल आणि तो कागद काहीच सांगेनासा होईल. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकतानाच वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदींचे असेच होताना आपण पाहिले आहे. मुलाला मदत व्हावी म्हणून आलेल्या नोंदी मुलापेक्षा तक्त्यासाठी लिहिल्या जाऊ लागल्या.

जूनच्या पहिल्या शिक्षण परिषदेत भाषणाऐवजी शिक्षकांना इयत्ता आणि विषयवार बसवून पहिल्या दोन आठवड्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. नव्या वर्गाला अजून काहीच शिकवलेले नसेल, म्हणून हे प्रश्न मागच्या इयत्तेतले असतील. ज्यांच्यावाचून यंदाचे अडेल असे प्रत्येक विषयाचे वीस. सहावीच्या गणितासाठी त्यात स्थानिक किंमत आणि समच्छेद अपूर्णांक असायलाच हवेत. दोन तासांत एका केंद्राचे हे काम होते.

आपले,
नागपुरातील काही शिक्षक आणि शिक्षक-प्रशिक्षक

ता. क. हे प्रश्न वरून छापून सर्व शाळांना पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती. कोणत्या वर्गात कोणता भाग कधी शिकवला गेला हे त्या शिक्षकालाच माहीत असते. न शिकवलेल्या भागाचा छापील प्रश्न फळ्यावर आला तर मुलाला आठवण्यासारखे काही नसते, आणि तिसऱ्या दिवशी वर्ग तो प्रकार गंभीरपणे घेणे सोडून देतो. छापायचेच असेल तर टाचणवहीत चार तारखांचा समास छापून द्यावा.